गच्चीवरची तार आणि छापील पान : हौशी रेडिओच्या आकाशक-बांधणीवरील कृतिपर लेखनाची समीक्षा

सारांश : हौशी रेडिओसाठी आकाशक, म्हणजे बोलीभाषेतील एरियल किंवा अँटेना, कसे बांधावे हे सांगणारे विपुल लेखन गेल्या शतकभरात प्रसिद्ध झाले आहे. हे लेखन साहित्याच्या किंवा शास्त्राच्या समीक्षेत सहसा विचारात घेतले जात नाही. प्रस्तुत लेखात दक्षिण व मध्य मुंबईतील चाळी, वाड्या आणि पुनर्विकसित इमारती यांच्या संदर्भात या लेखनाची उपयुक्तता तपासली आहे. कृतिपर लेखनाचे मूल्य त्यातील आराखड्याच्या अचूकतेवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते ‘आपले काम साधले की नाही’ हे ओळखण्याचे साधन वाचकाला मिळते की नाही, यावर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : हौशी रेडिओ, आकाशक, कृतिपर लेखन, गिरगाव, गिरणगाव, परिभाषा.

१. प्रास्ताविक

‘हौशी’ या शब्दाला मराठीत दोन छटा आहेत. एक छटा आवडीची, दुसरी कच्चेपणाची. हौशी रंगभूमीच्या बाबतीत मराठी समीक्षेने ही दुसरी छटा बऱ्याच अंशी पुसून टाकली. गिरगावातील साहित्य संघ असो, परळचे दामोदर नाट्यगृह असो वा राज्य नाट्य स्पर्धा असो, तेथील हौशी प्रयोगांची दखल घेतली गेली, त्यांच्यावर परीक्षणे लिहिली गेली आणि त्यातून काही निकष तयार झाले. हौशी तंत्रविद्येच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. जो स्वतःच्या हाताने प्रेषक जुळवतो, गच्चीवर तार ताणतो आणि हजारो किलोमीटरवरील अनोळखी माणसाशी संवाद साधतो, त्याचा हा उद्योग ‘छंद’ या एका शब्दात संपवला जातो. तो ज्या छापील पानांच्या आधारे शिकतो, ती पाने तर कोणाच्याच खिजगणतीत नसतात.

वस्तुतः ही पाने म्हणजे लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्यात माहिती असते, पण माहिती देणे हा त्याचा अंतिम हेतू नसतो. वाचकाने पुस्तक बाजूला ठेवून पक्कड हातात घ्यावी, हा त्याचा हेतू असतो. तेव्हा अशा लेखनाची कसोटी वाचनात लागत नाही, ती गच्चीवर लागते. ही भूमिका स्वीकारून पुढील विवेचन केले आहे.

२. गिरगावातील पूर्वपीठिका

मुंबईत हौशी रेडिओची परंपरा जुनी आहे. रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने जून १९२३ मध्ये आपले प्रक्षेपण केले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. म्हणजे या शहरात हौशी मंडळींचे प्रक्षेपण संघटित प्रसारणाच्या आधीचे आहे. पुढे १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी प्रेषणावर बंदी घातली आणि प्रेषणयंत्रे जमा करण्याचे आदेश काढले.

या पार्श्वभूमीवर १९४२ ची काँग्रेस रेडिओची घटना पाहिली पाहिजे. उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी प्रभृतींनी चालविलेल्या या गुप्त केंद्रासाठी प्रेषक उभारण्याचे काम नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओ-तंत्रज्ञाने केले. चौपाटीवरील सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी आणि महालक्ष्मीजवळील पॅराडाइज बंगला अशा जागा हे केंद्र बदलत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला आणि प्रक्षेपण थांबले.

केंद्राची घोषित तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. कंप्रतेच्या भाषेत हे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ होतात. आजही जगभरचे हौशी रेडिओचालक ज्याला ‘४० मीटरचा पट्टा’ म्हणतात, त्याच पट्ट्यात हा आकडा पडतो. या कंप्रतेला अर्धतरंग द्विध्रुवी आकाशक बांधायचे तर सुमारे २० मीटर तार लागते. प्रेषक पेटीत घालून एका घरातून दुसऱ्या घरात नेता येतो. तार मात्र प्रत्येक नव्या जागी नव्याने मांडावी लागते. कोठे बांधायची, कशी लपवायची, भिंतीपासून किती दूर ठेवायची, हे प्रश्न प्रत्येक वेळी पुन्हा उभे राहतात.

या घटनेवरील लेखन आता बरेच उपलब्ध आहे. उषा ठक्कर यांचा इंग्रजी ग्रंथ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२४ मध्ये याच विषयावर हिंदी चित्रपटही आला. या कथनांच्या केंद्रस्थानी आवाज आणि धैर्य आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या कारागिरीमुळे तो आवाज घराबाहेर पडला, ती कारागिरी कथनात मागे राहते. गुप्त कामाच्या टिपणवह्या कोणी ठेवीत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण पुढच्या ८० वर्षांत, काहीही लपविण्याचे कारण नसताना, मुंबईच्या गच्च्यांवरील हे ज्ञान फारसे लिहिले गेले नाही, याचे समर्थन करता येत नाही.

३. उपलब्ध लेखनाचे स्वरूप

हौशी रेडिओवरील लेखनाचा मुख्य प्रवाह इंग्रजी आहे. अमेरिकेतील रेडिओ रिले लीगचे ‘क्यूएसटी’ हे मासिक १९१५ मध्ये सुरू झाले. त्याच संस्थेचे आकाशकांवरील पुस्तक प्रथम १९३९ मध्ये निघाले आणि त्याच्या आवृत्त्या सतत निघत आल्या आहेत. ब्रिटनमधील ‘वायरलेस वर्ल्ड’ त्याहीपूर्वीचे. भारतात ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे दिल्लीचे मासिक १९६९ पासून निघू लागले आणि त्यातील लहान मंडलांच्या आराखड्यांनी दोन-तीन पिढ्यांना डाख द्यायला शिकवले. मूळ डच असलेल्या ‘इलेक्टर’ची भारतीय आवृत्ती १९८० च्या दशकात तर मुंबईतूनच, ग्रँट रोडच्या प्रॉक्टर रोडवरून प्रसिद्ध होत असे. तेथून हाकेच्या अंतरावर लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मासिकात वाचलेला भाग संध्याकाळी दुकानात जाऊन मागता यावा, अशी ही भौगोलिक सोय होती.

मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा क्षीण नाही. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासूनचे आहे, मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची आहे. परंतु या परंपरेचा कल प्रामुख्याने ‘का घडते’ हे समजावून देण्याकडे राहिला. ‘कसे करावे, आणि बिघडले तर काय पाहावे’ या अंगाचे लेखन तुलनेने विरळ आहे. परिणामी गिरणगावातील जो तरुण पारंपरिक अर्थाने कुशल होता, म्हणजे ज्याला मोटार गुंडाळता येत होती, फिटरचे काम येत होते, त्याच्यासाठी रेडिओची बांधणी इंग्रजीच्या उंबरठ्यापलीकडे राहिली. हाताला कसब होते. पान मात्र त्याच्या भाषेत नव्हते.

४. गच्चीच्या कसोटीवर

आकाशकावरील बहुतेक पुस्तके एका सूत्राने सुरू होतात : १४३ ला मेगाहर्ट्झमधील कंप्रतेने भागले की अर्धतरंग तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी हे उत्तर सुमारे २०.१ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना १० मीटरहून किंचित अधिक तार. सूत्र बरोबर आहे. पण ते ज्या परिसरात जन्मले, त्या परिसराची गृहीतके त्याच्यासोबत न सांगता येतात. तेथे घरामागे अंगण आहे, अंगणात दोन उंच झाडे आहेत, आणि वाऱ्याबरोबरच बर्फाच्या ओझ्याचा हिशेब करावा लागतो.

गिरगावच्या वाडीत २० मीटर मोकळी जागा एका छपरावर क्वचितच मिळते. तार एका चाळीच्या कौलांवरून समोरच्या चाळीपर्यंत नेता येते, पण मग दुसऱ्या टोकाच्या खुंटीसाठी दुसऱ्या मालकाची व तेथील बिऱ्हाडकरूंची संमती लागते. नायगाव वा ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींसारख्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतींना सपाट गच्ची असते. मात्र त्या काँक्रीटमध्ये लोखंड असते. पाण्याची टाकी, पन्हळी पत्रे आणि केबलचे जाळे यांच्या सान्निध्यात तारेची अनुनाद कंप्रता सरकते. म्हणून सूत्राने आलेली लांबी हे उत्तर न मानता सुरुवात मानावी लागते. तार आधी जास्त लांब ठेवायची, वर चढवायची, मोजायची आणि मग छाटायची. ७.१ ऐवजी ६.९५ मेगाहर्ट्झला अनुनाद मिळाला, तर एकूण सुमारे ४२ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूने २१ सेंटिमीटर तार कमी करावी लागते. हे साधे उदाहरण दिले की नवख्या वाचकाची भीती जाते. केवळ सूत्र दिल्याने ती जात नाही.

जागेच्या अडचणीवर उलट्या ‘व्ही’ आकाराची मांडणी हा जुना व चांगला उपाय आहे. मधोमध एक काठी उभी करून दोन्ही बाजू उतरत्या सोडायच्या. दोन बाजूंत १२० अंशांचा कोन ठेवला तर आडवी जागा २० ऐवजी सुमारे १७ मीटर लागते, ९० अंशांचा ठेवला तर सुमारे १४ मीटर. येथेही छापील आराखडा बरेचदा एक गोष्ट सांगत नाही. प्रेषण चालू असताना तारेच्या टोकांशी उच्च विद्युत्‌दाब असतो. ज्या गच्चीवर पापड वाळत घातले जातात, मुले पतंग उडवतात, तेथे ही टोके हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवलीच पाहिजेत. अंगणाच्या गृहीतकावर लिहिलेल्या पुस्तकाला गच्चीवरची वर्दळ दिसत नाही.

पुनर्विकासाने प्रश्नाचे रूप पालटले आहे. लालबाग-परळच्या उत्तुंग इमारतींनी भरपूर उंची दिली, पण गच्ची रहिवाशाच्या हातून सोसायटीच्या समितीकडे गेली. शिवाय मधल्या मजल्यावरील घरापासून गच्चीपर्यंतचे अंतर हीच एक नवी तांत्रिक अडचण झाली. नेहमीच्या आरजी-५८ जातीच्या ८० मीटर केबलमध्ये ७ मेगाहर्ट्झला सुमारे निम्मी शक्ती वाटेतच खर्ची पडते. कंप्रता वाढेल तसे हे नुकसान वाढत जाते. चाळीतील दहा मीटर केबलवर बेतलेला आराखडा बुरुजासारख्या इमारतीत जसाच्या तसा लागू पडत नाही.

५. यशाच्या मापाचा प्रश्न

या लेखनातील सर्वांत गंभीर उणीव यशाच्या मापासंबंधी आहे. बहुसंख्य लेख ‘स्थायी तरंग गुणोत्तर’, म्हणजे रेडिओचालकांच्या तोंडी असलेला एसडब्ल्यूआर, कमी आला की काम फत्ते झाले असे सुचवितात. हे गुणोत्तर १.५ असेल तर आकाशकाकडून सुमारे ४ टक्के शक्ती परावर्तित होते, २ असेल तर सुमारे ११ टक्के. म्हणजे दीड आणि एक यांच्यातील फरकासाठी जीव टाकण्याचे कारण नाही. परंतु खरा धोका वेगळाच आहे. जी केबल स्वतःच शक्ती खाते, ती परावर्तित शक्तीही खाते. त्यामुळे खाली घरात ठेवलेल्या मापकाला गुणोत्तर प्रत्यक्षापेक्षा चांगले दिसते. निम्मी शक्ती खाणाऱ्या केबलच्या वरच्या टोकाला असलेले गुणोत्तर ३ असेल तर खाली ते सुमारे १.७ दिसते. आकाशक तुटून पडले, तरी खालचा मापक साधारण ३ दाखवीत राहतो.

मुंबईच्या हवेत ही बाब निव्वळ तात्त्विक राहत नाही. समुद्रावरचा खारा वारा तांब्याच्या जोडावर हिरवा थर आणतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस नीट न बंद केलेल्या जोडातून केबलमध्ये शिरतो. ओल्या केबलचा ऱ्हास वाढतो आणि मापकावरचा आकडा सुधारतो. पुस्तकावर विश्वास ठेवणारा वाचक आनंदित होतो, आणि त्याच वेळी त्याचा आवाज दूरच्या केंद्रावर क्षीण होत जातो. जे लेखन एवढाच आकडा यशाची खूण म्हणून देते, ते सूत्रे अचूक असूनही वाचकाची दिशाभूल करते.

याउलट उपयुक्त लेखन वाचकाला दोन-तीन स्वतंत्र खुणा देते : मापन शक्यतो तारेच्या जोडापाशी करावे, कोरड्या दिवसांतील आकडे वहीत लिहून ठेवून पावसाळ्यातील आकड्यांशी ताडावेत, केबलला जोडाच्या खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकेल, आणि शेवटी, दुसऱ्या केंद्राकडून मिळणारा संदेशबलाचा अहवाल हाच खरा साक्षीदार मानावा. सुमारे २०१९ पासून नॅनो व्हीएनएसारखे स्वस्त मापनयंत्र सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले आहे. त्यामुळे मोजणे सोपे झाले. मोजलेल्याचा अर्थ लावण्याची गरज मात्र त्याने वाढवली आहे.

मुंबईकरांना हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर केबल येईपर्यंतच्या काळात, एकाने गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून ‘आले’, ‘गेले’ असे ओरडायचे, हा घरोघरचा प्रयोग होता. आकाशक हलवावे आणि परिणाम दुसऱ्या टोकाला पाहावा, ही मापनाची मूळ पद्धत त्यात होती. कोणत्याही पुस्तकाशिवाय ती एका पिढीला अवगत झाली, आणि कोणी लिहून न ठेवल्याने तिच्याबरोबर मागे पडली.

६. वाटी आणि वॉशर

मराठीत कृतिपर लेखनाचे यशस्वी उदाहरण नाही असे नाही. ते स्वयंपाकघरात आहे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिने असंख्य घरांत मार्गदर्शकाचे स्थान मिळविले. तिच्या यशाचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे तिची मापे. वाटी आणि चमचा ही मापे वाचकाच्या फळीवर आधीपासून होती. पुस्तकाने वाचकाकडे नसलेल्या तराजूची अपेक्षा केली नाही. वाटी हे माप ढोबळ आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु एकाच वाटीने सर्व जिन्नस मोजले की प्रमाण सांभाळले जाते. ढोबळ मापातूनही अचूकता कशी राखावी, याचे ते व्यवहारी उत्तर होते.

हौशी रेडिओत याच तोडीचे भारतीय उदाहरण हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या ‘बिटएक्स’ या संचाचे आहे. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी १४ मेगाहर्ट्झसाठीच्या प्रेषक-ग्राहीचा आराखडा मुक्तपणे प्रसिद्ध केला. त्यासाठी लागणारी विशिष्ट चुंबकीय कडी भारतीय बाजारात सहज मिळत नसे. म्हणून मूळ आराखड्यात वेटोळी चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली होती. हा वॉशर कोणत्याही गल्लीतील हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. भारतासारख्या बाजारासाठी आखलेला हा संच पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी बांधला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. स्थानिक साहित्याला धरून लिहिलेले लेखन स्थानिकच राहते, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. ओगले यांची वाटी आणि फरहान यांचा वॉशर यांच्यामागची लेखनदृष्टी एकच आहे : वाचकाच्या हाताशी काय आहे, हे लेखकाने आधी पाहिले आहे.

अशा लेखनामुळे केवळ नक्कल करणारे तयार होतात, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. आराखडा जसाच्या तसा उतरविणारा वाचक पहिल्या बिघाडापाशी थांबतो. त्या ठिकाणी लेखन त्याला कारणांकडे नेत असेल, तर तेथूनच त्याचे शिक्षण सुरू होते. म्हणून लेखकाने यशस्वी नमुन्याबरोबर फसलेले प्रयत्नही नोंदविणे अत्यावश्यक ठरते. शास्त्रीय नियतकालिकांप्रमाणेच छंदविषयक नियतकालिकांतही अपयशाच्या नोंदी दुर्मीळ आहेत, हे खेदाने म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप असा की तयार आकाशक विकत मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? विकतचे आकाशकही अखेर त्याच गच्चीवर, त्याच टाकीशेजारी उभे करायचे असते. ते जुळविण्याची विद्या खोक्यातून येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि शहराच्या मोठ्या भागात वीज व दूरध्वनी बंद पडले. हौशी रेडिओचे समर्थन अशा आपत्तींच्या दाखल्याने नेहमी केले जाते. परंतु आपत्तीच्या दिवशी कोणी पुस्तक उघडून तार मोजायला बसत नाही. त्या दिवशी उपयोगी पडते ती आधीच्या दहा निवांत रविवारी, हौसेखातर कमावलेली तयारी.

७. परिभाषेचा पेच

मराठीत असे लेखन करताना शब्दांचा प्रश्न टाळता येत नाही. ‘आकाशक’, ‘संरोध’, ‘कंप्रता’, ‘समाक्ष केबल’ हे शब्द मराठी विश्वकोशादी प्रयत्नांतून घडलेल्या परिभाषेचे आहेत आणि ते अर्थवाही आहेत. तथापि लॅमिंग्टन रोडवरील दुकानात ‘समाक्ष केबल’ मागणारा ग्राहक रिकाम्या हाताने परतेल. दुसऱ्या बाजूने, केवळ दुकानी शब्द वापरले तर संकल्पनांमधील नाते हरवते; ‘रोध’ आणि ‘संरोध’ हे शब्द शेजारी ठेवले की जे सहज दिसते, ते ‘रेझिस्टन्स’ आणि ‘इम्पीडन्स’ यांत दिसत नाही. यावर उपाय म्हणजे कामाची विभागणी : वस्तूंसाठी बाजारात चालणारा शब्द, संकल्पनांसाठी परिभाषा. तणावा, खुंटी, डाख, वळसा, पन्हळ असे कारागिरांचे शब्द तर भाषेत आधीपासून आहेत. त्यांना पानावर बोलावण्याचेच काय ते बाकी आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून हौशी तंत्रविषयक लेखनासाठी चार निकष मांडता येतील. आराखडा ज्या जागेत तपासला, त्या जागेचे वर्णन त्यात असावे. साहित्य वाचकाच्या बाजारात मिळणारे असावे अथवा त्याला पर्याय सुचविलेला असावा. यश ओळखण्याची एकाहून अधिक, परस्परांना ताडून पाहणारी साधने दिलेली असावीत. आणि फसलेल्या प्रयत्नांची नोंद असावी. या निकषांवर इंग्रजीतील नामवंत पुस्तकेही मुंबईच्या गच्चीवर काही ठिकाणी उणी पडतात. मराठीत तर निकष लावावा इतके लेखनच नाही, ही खरी अडचण आहे.

गिरगाव-परळमधील कौलारू छपरे आणि जुन्या गच्च्या झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्यांच्यावर तारा ताणणाऱ्या पिढीचे ज्ञान अजून काही जणांच्या बोटांत आणि वह्यांत शिल्लक आहे. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र आणि मराठी विभागांनी एकत्र येऊन या वह्या मिळवाव्यात, त्यातील मोजमापे पुन्हा पडताळावीत आणि ती साध्या मराठीत प्रसिद्ध करावीत. पडताळणीसाठी लागणारे साहित्य फार नाही : २० मीटर तार, एक बांबू, थोडी केबल आणि गच्चीची किल्ली.